फेमीचा साष्टांग नमस्कार

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत दुपारी कधीतरी खाणीत सुरुंग उडत, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची पातेली एकमेकांना हलकेच धक्का देत. आधी खिडकीची काच थरथरे, मग पातेली वाजत, मग पलीकडच्या गल्लीतला कुत्रा भुंके, आणि या सगळ्यानंतर आई म्हणे, "झालं. आता चहा." बाबा खाणीत हवा खेळती ठेवण्याच्या खात्यात इंजिनियर होते. सुरुंग उडाला की ते आता तासाभरात घरी येणार हे आम्हाला कळे. आई श्रीवर्धनची. जन्मभर समुद्र ऐकत झोपलेली बाई लाल मातीच्या, खारट झुडपांच्या गावात येऊन पडली होती. तिथे प्यायचं पाणीसुद्धा सहाशे किलोमीटर नळातून चालत येई. नळ उघडला की ती म्हणायची, "पर्थहून आलंय बिचारं, दमलं असेल." पाण्याची इतकी विचारपूस करणारी आई मी पर्थहून आलो की मात्र "बूट बाहेर काढ" एवढंच म्हणायची. मत्सराची सुरुवात इथपासून धरायला हरकत नाही.

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि अकरावीसाठी पर्थला हॉस्टेलवर राहत होतो. साथ आली, हॉस्टेल रिकामं झालं, आणि मी बाबांच्या एका मित्राकडे दोन दिवसांसाठी गेलो तो सात आठवडे तिथेच राहिलो. आमच्या भागाकडे जाणारे रस्ते पोलिसांनी अडवले होते. घरी परतणाऱ्यांना सोडत होते, पण त्यासाठी एक फॉर्म भरायचा होता आणि तो बाबांनी स्वतः भरला. ज्या माणसाच्या हिशेबावर जमिनीखाली शेकडो लोक श्वास घेत होते, त्याने मुलाच्या फॉर्मवर 'रहिवासी' ऐवजी 'पाहुणा' या चौकोनात खूण केली. पाहुण्यांना बंदी होती. चूक सापडेपर्यंत रस्तेच खुले झाले. बाबा आजही म्हणतात की फॉर्मची रचनाच चुकीची होती. मला मात्र वाटत आलंय की सरकारी कागदाला माझी खरी परिस्थिती आमच्या घरच्यांच्या आधी कळली.

निघायच्या आदल्या दिवशी मी समुद्रावर गेलो आणि संत्र्याच्या रसाची रिकामी बाटली पाण्याने भरून घेतली. नारळीपौर्णिमेला आई दर वर्षी बादलीभर नळाच्या पाण्यात मीठ घालून त्यात नारळ सोडायची आणि वर देवाची माफी मागायची. म्हटलं, यंदा खरा समुद्र नेऊ. बाटली मांडीवर धरून सात तास ट्रेनमध्ये बसलो. वाटेत तीन वेळा मनातल्या मनात प्रसंग रंगवला: मी बाटली पुढे करतो, आई डोळ्यांना पदर लावते. आई घरात ट्रॅकपँट घालायची, पदर हा माझा खास मराठी अलंकार.

बाबांनी गाडी गेटात वळवली तर ड्राइव्हवेवर एक मुलगा पालथा पडलेला. मी घाबरून बाबांकडे बघितलं. बाबा शांतपणे काच खाली करून म्हणाले, "औक्षवंत हो, ऊठ." मुलगा उठला, कपड्यांवरची लाल धूळ झटकली आणि माझी बॅग उचलायला आला.

हा फेमी. चार घरं सोडून राहणाऱ्या डॉक्टर बिसीआंटीचा मुलगा, माझ्याहून एका वर्षाने लहान, नायजेरियातल्या योरुबा लोकांपैकी. बिसीआंटी हॉस्पिटलात तापाच्या वॉर्डावर होत्या, आणि त्या सुरुवातीच्या दिवसांत कुणालाच काही नीट माहीत नसल्यामुळे त्यांनी ठरवून टाकलं की आपण मुलाजवळ राहायचं नाही. नवरा लागोसला गेला होता तो विमानं बंद झाल्यामुळे तिकडेच अडकला. आईने त्यांना फोन करून सांगितलं, "निनादची खोली रिकामीच आहे." माझी खोली रिकामी आहे हे मला सोडून गावाला माहीत होतं.

आता हे पालथं पडण्याचं प्रकरण सांगतो, कारण माझा सगळा सत्यानाश त्यात आहे. योरुबा मुलगे मोठ्या माणसाला भेटले की जमिनीवर सरळ आडवे होतात, छाती टेकवून. रोज सकाळी. आईने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या हातात कणकेचा गोळा होता, तो तसाच राहिला. इंजिनियर नवरा, ऑस्ट्रेलियात वाढलेला मुलगा, आणि देवाच्या दारातही वाकायला लाजणारे दोघं. अशा घरात एक परक्या देशाचा पोरगा येतो आणि बाईला चहाच्या आधी साष्टांग नमस्कार घालतो. मी घरी पोचेपर्यंत निकाल लागून गेला होता. "हा आपल्यातलाच आहे रे," आई मला दारातच म्हणाली, "डाव्या हाताने वस्तू देत नाही, मोठ्यांना नावाने हाक मारत नाही. तू सध्या हॉलमध्ये झोप हं. त्याचा ऑनलाइन क्लास असतो सकाळी." बाटली मी बॅगेतून काढलीच नाही. सोफ्यामागे ढकलून दिली.

जेवायच्या टेबलावर खिडकीजवळची खुर्ची माझी. तिच्यावर फेमी. मी उभाच राहिलेला बघून तो लगेच उठला, तर आई म्हणाली, "बस रे, निनादला कुठेही चालतं." शनिवारी आमच्याकडे सोळा वर्षं उपमा होत आला होता. आता चवळी भिजत पडायला लागली. फेमीच्या घरी ती वाटून तिचे वडे तळतात, अकारा म्हणतात त्यांना. आईने एकदा करून बघितले, फेमीने डोळे मिटून खाल्ले आणि म्हणाला, "थँक यू, मा. हे घरच्यासारखे झालेत." तो प्रत्येक वाक्याला 'मा' लावायचा. तिकडे ते कुठल्याही मोठ्या बाईला म्हणतात, बँकेतल्या बाईलाही म्हणतात, हे मी आईला दोनदा समजावून सांगितलं. तिने दोन्ही वेळा ऐकलं नाही. (फेमी अर्थातच इंग्रजीत बोलायचा. इथे मी त्याला मराठीत लिहितो आहे आणि मराठीत तो आणखीच सभ्य वाटतो आहे. इतक्या वर्षांनीही माझ्याच हातून त्याचं भलं होतं.) वडे फार सुंदर लागायचे. ते मी मान खाली घालून, नाराजी दिसेल अशा बेताने, आठ-नऊ खायचो.

संध्याकाळी बिसीआंटी यायच्या. त्यांनीच आमच्या गेटाबाहेर फूटपाथवर खडूने रेष मारून घेतली होती. शिफ्ट संपली, आंघोळ झाली की त्या चालत यायच्या आणि रेषेपलीकडे उभ्या राहायच्या. उंच, डोक्याला रंगीत फडकं गुंडाळलेलं. फेमी आधी गेटाच्या आत आडवा होई, मग उठून उभा राही, आणि दोघं दहा-पंधरा मिनिटं त्यांच्या भाषेत बोलत. जेवलास का, अभ्यास केलास का, असंच काहीतरी असणार. आई रेषेवर डबा ठेवून मागे सरके, मग आंटी डबा घेत. मी हॉलच्या खिडकीतून बघायचो आणि माझ्या मनात काय यायचं ते लिहायला लाज वाटते, पण लिहायलाच बसलोय तर लिहितो. मला वाटायचं, याला दोन आया. एक आत, एक बाहेर.

आमच्याकडे आणखी एक योरुबा माणूस यायचा, लान्रे अंकल, बाबांच्याच खाणीत मोठ्या ट्रकांचे मुख्य मेकॅनिक. सुट्टीच्या दिवशी ते कारपोर्टमध्ये आपली स्वतःची खुर्ची आणून दीड मीटरवर बसत. माझ्या इतिहासाच्या बाईंनी प्रोजेक्ट दिलं होतं की परकीय राज्य यायच्या आधी शेजारी समाज एकमेकांशी कसे वागत ते एखाद्या ठिकाणाबद्दल लिहा. मला त्यात एक संधी दिसली. अगदी निरागस चेहरा करून मी म्हटलं, "अंकल, तुम्ही आणि फेमी एकाच गावचे ना? मग तो तुमच्याकडे का नाही राहत? आपल्या माणसांत बरं वाटेल त्याला."

लान्रे अंकलनी कप खाली ठेवला. "एकाच गावचे? मी इबादानचा. हा इजेशा आहे, डोंगरातला. हे लोक यामचे कंद उकडून कुटतात आणि रात्रंदिवस तेच खातात. माझी बायको अमाला करते, सुकवलेल्या यामच्या पिठाची काळी उकड. हा आमच्याकडे उपाशी मरेल."

"अमाला म्हणजे चिखल, सर," पायरीवरून फेमी अदबीने म्हणाला.

"बघा. शेजारी." अंकल बाबांकडे वळले. आणि मग मला जन्मात पहिल्यांदा इतिहास ऐकायला मजा आली. योरुबांची ती सगळी नगरं, प्रत्येकाचा आपला राजा, आणि सगळे राजे स्वतःला एकाच म्हाताऱ्याची, ओदुदुवाची, मुलं म्हणवत. एक राजा दुसऱ्याला पत्र धाडायचा तर थोरला भाऊ, धाकटा भाऊ अशीच भाषा. थोरला कोण यावर मात्र कधी एकमत नाही. जुनी मोठी नगरं मोडली तेव्हा ठिकठिकाणचे लढवय्ये येऊन इबादान वसलं, जोरात आलं, आणि डोंगरातल्या गावांवर आपला एकेक माणूस बसवून दिला. तो म्हणेल ते द्यायचं, तो मागेल ते खायला घालायचं. डोंगरवाल्यांनी काही वर्षं सोसलं आणि मग सगळे एक होऊन उठले. वर्षानुवर्षं समोरासमोर छावण्या. छावणीत मुलं जन्मली, लग्नं झाली, बाजार भरले. सकाळी गोळ्या आणि संध्याकाळी एकमेकांना शिव्या घालणारी गाणी.

"शेवट कसा झाला?" बाबांनी विचारलं.

"शेवटी दोघंही थकले आणि भांडण मिटवायला गोरा साहेब आला. मिटवलं आणि मग घरीच गेला नाही."

"ओळखीचा माणूस दिसतोय," बाबा म्हणाले.

मग फेमीने त्याच्या आईकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. म्हातारा ओदुदुवा आंधळा झाला. वैद्य म्हणाला, समुद्राचं पाणी हवं. बाकीचे मुलगे या ना त्या कारणाने राहिले आणि धाकटा गेला. फार दूर होता समुद्र. तो परत येईपर्यंत सगळ्यांना वाटलं की मेला. म्हाताऱ्याने भावांत वाटणी करून टाकली. मुकुट दिले, तोंडावर मण्यांची झालर लोंबणारे. ("मुंडावळ्यांसारखं," आई दारातून म्हणाली.) आणि मग हा पाणी घेऊन आला. म्हाताऱ्याला दिसायला लागलं. पण द्यायला काही उरलं नव्हतं. म्हातारा म्हणाला, तू ही माझी तलवार घे. तोच इजेशांचा पहिला राजा.

"इबादानमध्ये सांगतात की तो जेवायला थांबला म्हणून उशीर झाला," लान्रे अंकल म्हणाले.

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या पाठीशी, भिंतीपलीकडे, सोफ्यामागे समुद्राच्या पाण्याची बाटली होती. गेलो मी, आणलं मी, खोली याला, खुर्ची याला, वडे याला. मला तर तलवारसुद्धा मिळाली नव्हती. आज मला त्या मुलाचं हसू येतं, पण त्या दिवशी त्या गोष्टीतला अन्याय झालेला राजपुत्र कालगुर्लीत फक्त मीच ओळखला होता आणि तो मीच होतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

त्यातून मला बुद्धी सुचली. फेमीचं सगळं भांडवल म्हणजे मोठ्यांचा मान. ते एकदा आईसमोर फुटलं की संपलं. आणि इबादान-इजेशा वैर तर आता मला तोंडपाठ होतं. चार-पाच दिवसांनी लान्रे अंकल संध्याकाळी बाबांसाठी काही कागद घेऊन आले. आई अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होती, म्हणजे ऐकू जाईल इतकी जवळ. मी म्हटलं, "अंकल, एक सांगू? फेमी म्हणतो इबादानचे लोक लुटारू आहेत. म्हणतो, त्यांच्यातला कोणी आमच्या घरात पाय ठेवायच्या लायकीचा नाही."

आईने झारी खाली ठेवली. अंकलचा चेहरा एकदम सपाट झाला. "बोलाव त्याला."

फेमी बाहेर आला. अंकल त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलले, थोडंसंच. फेमीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो म्हणेल, हा खोटं बोलतोय. मी तर त्याच्यावरच्या उत्तराचीही तयारी ठेवली होती. तो ड्राइव्हवेवर आडवा झाला, छाती टेकून, गाल धुळीला लागलेला, आणि तसाच राहिला. सकाळच्या नमस्कारात तो पटकन उठायचा. या वेळी उठला नाही.

"मी म्हटलं तो..." असं काहीसं मी सुरू केलं, तेवढ्यात रस्त्यावर धावत्या पावलांचा आवाज आला. बिसीआंटी रोजच्या वेळेला निघाल्या होत्या. दोन घरं अलीकडून त्यांना दिसलं की आपला मुलगा जमिनीवर पालथा पडलाय आणि तीन माणसं नुसती भोवती उभी आहेत. त्या नमस्काराला काय म्हणतात ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, पण तापाच्या वॉर्डावरून आलेल्या बाईला त्या क्षणी तो नमस्कार दिसला नाही. एक चप्पल रस्त्यात राहिली. त्या धावत गेटापर्यंत आल्या आणि खडूच्या रेषेवर थांबल्या. कशा थांबल्या ते मी अजून विसरलो नाही. अंग पुढे आलं आणि पाय मागे राहिले. दोन्ही हात पुढे आणि हातांत काही नाही. "फेमी," त्या एवढंच म्हणाल्या.

तो झटकन उठून बसला. "आय अ‍ॅम फाइन, मम. आय अ‍ॅम फाइन." त्याच्या गालाला लाल माती लागली होती. ती पुसायला सगळ्यांत जवळ मी होतो आणि सगळ्यांत लांब त्या.

लान्रे अंकल पुढे झाले आणि त्यांनी बिसीआंटींना काहीतरी सांगितलं. आंटींनी श्वास सोडला, मग हसल्या, मग फडक्याने डोळे पुसले. अंकल फेमीला म्हणाले, आणि हे मुद्दाम इंग्रजीत, माझ्यासाठी: "ऊठ. आम्ही लुटारू आहोतच. माझ्या पणजोबांच्या बापाने तुमच्या डोंगरातून एक मुलगी लुटून आणली होती. ती माझी खापरपणजी. म्हणजे थोडासा मीही तुमच्यातलाच आहे. आम्ही तुम्हाला चोर म्हणायचं, तुम्ही आम्हाला म्हणायचं, तो आपला हक्क आहे." मग माझ्याकडे वळून, मोठ्याने नाही, "पण हे याने म्हटलेलं नाही, निनाद. इजेशा पोरगा हे माझ्या तोंडावर म्हणाला असता. शेवटी सर लावून."

आई आत गेली. मी मागोमाग गेलो, कारण बाहेर उभं राहणं शक्य नव्हतं. तिने ओट्याखालून विळी काढली, तिच्या आजीची, श्रीवर्धनहून विमानातून किती खटपटींनी आणलेली. ती जमिनीवर मांडली, समोर तीन नारळ फोडून ठेवले आणि म्हणाली, "खव." मी खवायला बसलो. पहिला नारळ संपल्यावर ती म्हणाली, "तुझी खोली त्याला दिली तेव्हा मला वाटलं होतं तुझं काही जाणार नाही. तू माझाच आहेस, तुला काय सांगायचं, असं वाटलं. सांगायला हवं होतं." मी खाली मान घालून खवत राहिलो. बोटाला लागलं तेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने बघितलं असतं, आणि त्या दिवशी मला त्याची लाज वाटत होती.

फेमी खोलीत दप्तर आवरत होता. मी दारात उभा राहून विचारलं, "तू सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या आईसमोर?" तो म्हणाला. "मी तुमच्या घरी जेवतो, मेट."

"ती गोष्ट," मी म्हटलं, "समुद्राची. मला वाटलं होतं तो मी आहे."

त्याने जरा विचार केला. फेमी कुठल्याही गोष्टीचा खरोखरच विचार करायचा, हाही त्याचा एक त्रास होता. "तू तर घरी आलास," तो म्हणाला. "मी अजून गेलो नाही."

चार घरं. मी रोज संध्याकाळी खिडकीतून ते अंतर बघत होतो आणि मला त्यात फक्त दुसरी आई दिसत होती.

महिन्याभराने हॉस्पिटलातली भीती ओसरली, वॉर्ड रिकामा झाला आणि बिसीआंटींचा निरोप आला की पाठवा. आईने चवळीच्या वड्यांचा डबा भरला. फेमीने बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार घातला आणि आई माझ्यासाठी कधी रडली नव्हती तशी रडली. मी नोंद घेतली. मग सोफ्यामागून बाटली काढून त्याच्या हातात दिली, उजव्या हाताने. "पर्थचं आहे. खरं समुद्राचं." त्याने बाटली उजेडात धरून बघितली. तळाशी थोडी वाळू होती. गेटातून बाहेर पडला, पुसट झालेली खडूची रेष ओलांडली आणि रस्त्याच्या मधोमध चालायला लागला. बिसीआंटी त्यांच्या दारात उभ्या होत्या. तो त्यांच्यापुढे आडवा व्हायला वाकला, पण त्यांनी तेवढी सवड दिली नाही. खूप वेळाने त्यांनी त्याला सोडलं. मग त्याने बाटली पुढे केली, काहीतरी सांगितलं. त्यांनी आमच्या गेटाकडे बघितलं, झाकण उघडलं, दोन बोटं पाण्यात बुडवली आणि डोळ्यांना लावली.

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. फेमी ब्रिस्बेनला असतो, आईला दर रविवारी फोन करतो, आणि आई मला सोमवारी फोन करून फेमी काय म्हणाला ते सांगते. मी विचारतो, "माझ्याबद्दल काही विचारलंस का त्याला?" ती म्हणते, "तुझं काय विचारायचं." हे वाक्य मला अजूनही टोचतं. पण ते ती कशामुळे म्हणते, हे आता मला ठाऊक आहे.

त्या वर्षी नारळीपौर्णिमेला खरा समुद्र घरात आलेला असूनही आईने बादलीत मीठच घातलं. बाटलीचं मी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गेली तिथे बरी गेली." खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी बसलो. दुपारी सुरुंग उडाला, काच थरथरली, पातेली वाजली. आईने विळी पुढे सरकवली. सगळ्या वाटण्या झाल्यावर माझ्या वाट्याला आलेली तलवार ती हीच. मी खाली बसलो आणि नारळीभातासाठी नारळ खवायला लागलो.